दलदलीअलीकडचं गाव

बालीगंज, कोलकाता
८ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
सा. न.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मी कॉलेज सोडल्याचा राग दोन वर्षांनीही तसाच असेल. असू दे. पण हे वाचच, मी पार हबकलोय.

आम्ही चौघे मिळून अल्बम करतोय. व्हिडिओ गेममधलं संगीत, पण सेल्टिक ढंगात, म्हणजे आयर्लंडकडचं व्हायोलिन, हातढोल, पत्र्याची बासरी. बासरी मी हिमाचलात एका आयरिश म्हाताऱ्याकडून शिकलो. त्याचा कुत्रा सुरात रडायचा, पण ते राहू दे.

त्यात आपल्या जुन्या गेमचं गाणं आहे. बाबांनी एस्प्लनेडच्या बाजारातून आणलेला तो, ज्याने माझं वाटोळं केलं असं तू म्हणतेस. दलदलीच्या अलीकडे एक गाव लागतं, तिथलं गाणं. मी आठवणीतून बसवलं. काल आमच्या व्हायोलिनवाल्या तन्मयने मूळ शोधून ऐकवलं. आई, त्यात फक्त पहिला भाग आहे! तोच फिरून फिरून येतो. दुसरा, जो ऐकून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, तो नाहीच. मी केलेला नाही, शप्पथ. एवढी माझी अक्कल नाही. महिनाअखेरपर्यंत तो भाग कुणाचा ते कळलं नाही, तर तन्मय गाणंच काढणार. अल्बमचा जीव आहे गं ते.

डोळे मिटून आठवायला गेलो की मला कुकरची शिट्टी ऐकू येते. तुला काही आठवतं? सोबत पेनड्राइव्ह आहे.

लोभ उरला असेल तर असू दे.
तुझा,
उन्मेष

नागपूर
१७ जानेवारी २०२५

चि. उन्मेष यास,
अ. उ. आ.

पेनड्राइव्ह ह्यांनी टीव्हीला लावून दिला. गाणं पुढे सरकलं आणि माझ्या हातातलं मटारचं ताट पडलं. दाणे अजून सोफ्याखाली सापडताहेत.

तो भाग माझा आहे.

कलकत्त्याला बदली झाली तेव्हा मला बंगालीचा एक शब्द येत नव्हता. तू आणि ऋता शाळेत, हे बँकेत. दुपारी मी तुझा गेम लावायचे. त्या गावातली माणसं रोज तेच एक वाक्य बोलायची, पण बोलायची तरी. दलदल काही पार होईना, म्हणून गावातच थांबायचे. तेच ते ऐकून कंटाळा आला की पुढचं मनानेच गुणगुणायचे. स्वयंपाक करतानाही तोंडात बसलं असेल. तुम्ही यायच्या आत सगळं पुसून जागेवर. वर तुलाच बोलायचे! कुणाला सांगितलं नव्हतं. आता हे सारखे माझ्याकडे बघताहेत.

नाव छापायचं तर मीनाक्षी छाप. ‘अमक्याची आई’ नको. आणि एवढं सांग, ती दलदल पार कशी करायची?

राग गेलेला नाही. स्वेटर घालत जा.
तुझी,
आई

बालीगंज, कोलकाता
२५ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
सा. न.

तुझं पत्र तन्मयला हिंदीत सांगितलं. गाणं अल्बममध्ये राहिलं. नाव तू म्हणालीस तसंच.

आता दलदलीचं. तिथे एक फळी आहे. एकाने ती दाबून धरली तरच दुसरा पलीकडे जातो. मी आणि ऋताताई मिळून जायचो. आई, एकट्याने ती पार होतच नाही. कुणालाच नाही. आणि तू रोज दुपारी एकटीच.

एस्प्लनेडला तसाच जुना गेम मिळालाय. शुक्रवारच्या गाडीने येतोय. बाकीचा लोभ समोरासमोर.

फळी मी धरतो.

तुझा,
उन्मेष