हेमराज नानांच्या सदोष घागरीबाबत खुलासा

दि. ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. गौरव अधिकारी,
जिल्हा हौशी कलावंत गौरव समिती, धुळे.

अर्जदार : सौ. दिपमाला निंबा बोरसे, चिनीमातीच्या बरण्या करून विकणाऱ्या, रा. दोंडाईचा.

विषय : श्री. हेमराज पुना भामरे ऊर्फ नाना, वय ८१, यांना आजीवन कलासेवा गौरव देण्याबाबत फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : नमुना सदोष आढळल्याने प्रस्ताव निकाली काढल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळवते की, आपले पत्र पोहोचले. नमुना म्हणून पाठवलेल्या घागरीत आपल्या कार्यालयातील कोणी हौसेने पाणी भरून मनीप्लँट लावला, घागर कपाटावर ठेवली, आणि सुट्टीनंतर कपाट उघडले तेव्हा इतर उमेदवारांचे प्रस्ताव ओलेचिंब निघाले; त्यात एका भजनीबुवांचा फोटो चेहऱ्यासकट धुऊन गेला, हे वाचून अर्जदारास मनापासून वाईट वाटले. घागर गळते हे खरे आहे. नानांच्या सर्वच घागरी गळतात. पहिल्या प्रस्तावात ही बाब लिहिली नाही, कारण हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतो?

२. नाना जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलत. चिनीमातीचा नाद त्यांना तरुणपणीच लागला. घरामागे पत्र्याची शेड घातली, चाक बसवले, भट्टी बांधली आणि उभा जन्म त्यात घातला. परंतु झिलईच्या भट्टीतून निघताना त्यांच्या भांड्याला केसासारखी चीर पडते ती पडतेच. कारण त्यांना ठाऊक आहे, ते इतरांना समजावूनही सांगतात. स्वतःच्या हाताला मात्र ते कधी पटले नाही. दर रविवारी ते फुकट वर्ग घेत. पहिल्या दिवशी स्वतःची घागर पाणी भरून मध्ये ठेवत आणि म्हणत, "मन्हा हातनी चूक देखी ल्या. तशी तुम्ही करू नका." अर्जदारास वर्गात घालणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असे खुद्द तिच्या सासऱ्यांचे मत होते. आज तिच्या बरणीतले लोणचे वर्षभर टिकते आणि सासरे ते दोन्ही वेळा खातात. मयुरी नावाची दुसरी शिष्या गुजरातेत टाइलच्या कारखान्यात झिलई तपासते. नानांच्या एकाही शिष्याचे भांडे गळत नाही. असा गुरू आपल्या यादीत दुसरा असल्यास अर्जदार हा अर्ज आनंदाने मागे घेईल.

३. आपण खान्देशाबाहेरचे असल्याचे समजते, म्हणून पुढील बाब मुद्दाम नमूद करते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. एका आखाजीला बाजारात कुंभाराच्या घागरी संपल्या, तेव्हा भिकुबाई नावाच्या शेजारणीने नाइलाजाने नानांची घागर नेली. सासरा, ज्याला ती आबा म्हणे, वारल्यानंतरची तिची ती पहिलीच आखाजी. सकाळी काठोकाठ भरलेली घागर दिवस कलताना पाहते तो अर्धी. भिकुबाई दारात येऊन ओरडली, "वं माय, आबा ईसन पानी पी ग्यात!" खाली ओल होती, पण ती कोणी पाहिली नाही, पाहिली असेल तर बोलले नाही. ज्या सासऱ्याशी तिने जन्मभर उभा दावा मांडला, त्याच्यासाठी ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

४. तेव्हापासून ज्या घरी वर्षभरात कोणी गेले असेल, त्या घरचे माणूस आखाजीआधी नानांच्या शेडपुढे उभे राहते. कुंभाराच्या घागरीतले पाणी नुसते गार होते. नानांच्या घागरीतले कमी होते. आपला माणूस तहानलेला गेला नाही, एवढे समाधान घेऊन घर त्या रात्री झोपते. ही कलासेवा नव्हे काय, याचा निर्णय आपण घ्यावा. सणानंतर ती घागर कोणी ठेवत नाही. गावातले उखर्डू आबा तर ती पपईच्या बुंध्याशी पुरतात आणि ठिबक बसवल्याचे सांगतात.

५. आपले पत्र नानांनी चष्मा पुसून दोनदा वाचले. गौरवासाठी म्हणून त्यांनी सफारी इस्त्री करून खुंटीला लावली होती, ती घडी घालून पेटीत टाकली. "साहेबनी खरं लिखेल शे. आते मी काय शिकाडू?" एवढेच म्हणाले आणि शेडला कुलूप लावले. तेव्हापासून वर्ग बंद आहे. त्यांचे हात आता कापतात. चाकावर नवीन घागर उभी राहत नाही. डॉक्टरांनी हृदय थकल्याचे घरच्यांना सांगितले आहे. नानांना सांगितलेले नाही, पण त्यांना कळले आहे.

६. सबब विनंती की, पत्रातील 'सदोष' हा शब्द मागे घ्यावा आणि गौरव येत्या आखाजीच्या आत, नाना स्वतः चालत येऊन घेऊ शकतील तोवर, द्यावा. शाल नसली तरी चालेल. आपण दोन शब्द बोललात तर ते कुलूप उघडतील, याची अर्जदारास खात्री आहे.

७. नियमात बसत नसल्यास नमुना तरी परत करावा. नानांच्या हातची तेवढी एकच घागर आता शिल्लक आहे. पुढेमागे त्यांच्या नावाने भरावी लागेल, म्हणून अर्जदाराने तशी स्वतः करून पाहिली. तीन वेळा केली. एक थेंब गळला नाही. नानांनी शिकवले आहे, हाताला चूक करता येत नाही. आम्ही केलेल्या घागरीतले पाणी संध्याकाळपर्यंत जसेच्या तसे राहील, आणि ते आम्हा कोणालाच बघवणार नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार,
(सही)
सौ. दिपमाला निंबा बोरसे

सोबत : आपल्या पत्राची छायाप्रत.