ओव्हनमध्ये शेकलेलं इंजिन

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (महिनाभर मी तसाही गाडीशेजारी जमिनीवर पालथाच पडलेला असतो, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमची प्रकृती ठणठणीत असणारच, दुसऱ्याचं इंजिन फोनवरून खोलणाऱ्याला काय धाड भरलीय! वहिनींना नमस्कार. तुमची बहीण, म्हणजे माझी बायको, तुमच्याकडे सुखरूप असेल. तिला परत पाठवा, एवढंच सांगायला हे पत्र. पंधरा दिवस झाले, घर खायला उठतं.

ती का निघून आली, हे तिने सांगितलं असेलच, पण भावाच्या मायेपोटी त्यातलं तुमचं नाव गाळलं असणार. "शर्यतीची मोटरसायकल आहे, डोळे मिटून घे," म्हणत तुम्ही ती माझ्या गळ्यात मारलीत आणि मी बावळटासारखे खरंच डोळे मिटले. तिसऱ्याच रविवारी, भर चढावर, डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज आला. खोलून बघतो तर पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक! गॅरेजवाल्याने ते भोक डोळ्याला लावून त्यातून माझ्याकडे पाहिलं आणि दोन महिने लागतील म्हणाला. तुम्ही म्हणालात, "हॅ! हातचा मळ आहे. घरीच कर, मी आहे ना." होतात की! अडीचशे किलोमीटरवर होतात.

पिस्टनचे तुकडे खाली जाऊन बेअरिंगंही खलास झाली होती. नवी बसवायला तुमचा सल्ला असा, की बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव आणि इंजिनचं केसिंग ओव्हनमध्ये तापव. गरम केसिंग पसरतं, गार बेअरिंग आकसतं आणि अलगद आत जातं. खोटं कशाला बोलू, गेलं! टप्पकन बसलं. (तुमचा बरोबर निघालेला हा पहिलाच सल्ला, म्हणून मी तारीख लिहून ठेवली आहे.) फक्त त्या ओव्हनमध्ये तुमची बहीण ऑर्डरचे केक भाजते, हे तुमच्या लक्षात आलं नाही आणि माझ्या लक्षात येऊनही मी गप्प बसलो. केसिंग मी स्वच्छ पुसलं होतं. (तिच्याच फडक्याने.)

त्याच दुपारी त्याच ओव्हनमधून मुख्याध्यापिकाबाईंच्या निवृत्तीचा तीन मजली केक निघाला. समारंभात म्हणे पहिला घास घेताच पाहुणे खिडकीशी गेले, खाली कुठली बस बिघडली ते बघायला. तुमची बहीण घरी आली ती सरळ ओट्याशी गेली. तिने साचे, मिक्सर आणि वजनकाटा पिशवीत भरला. जाता जाता जेवणाच्या टेबलावर मी नवा पिस्टन बसवत होतो, तो पाहून म्हणाली, "पिस्टनवरचा बाण उलटा धरलायस. गाडीच्या पुस्तकात चित्र आहे." दादा, बाणाचं टोक मागे, असं मला फोनवर छातीठोकपणे कोणी सांगितलं होतं? तसाच बसवला असता तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. जन्मात पाना हातात न धरलेल्या बाईने ते पुस्तक केकच्या कृतीसारखं ओळीने वाचलं होतं. आणि तज्ज्ञ कोण, तर तुम्ही आणि मी!

तेव्हा तिची समजूत काढा. नवा ओव्हन आणलाय, त्याला मी बोटही लावणार नाही. टेबल तीनदा घासलंय. सकाळी सवयीने दोन कप चहा होतो आणि एक ओतून द्यावा लागतो. फार वाईट वाटतं हो.

तुमच्या बहिणीचा (अजून तरी) नवरा

ता. क. समजूत काढू नका! आत्ताच तिचा फोन आला. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. थेट विचारलं, इंजिनच्या हेडचे बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळलेस का? मी म्हणालो, छे, अंदाजाने आवळले. तशी म्हणाली, "आता कशालाही हात लावू नकोस. शनिवारी सकाळच्या बसने येते."

आणखी एक ता. क. बोल्ट मी कालच आवळलेत. क्रमाने, तीन फेऱ्यांत, पुस्तक समोर ठेवून. हे पाकीट चिकटवलं की सगळे सैल करायला बसतो. हेडखालचं नवंकोरं गॅस्केट एकदा दाबलं की पुन्हा चालत नाही, वाया जाईल, जाऊ दे. तुम्ही फक्त शनिवारपर्यंत तोंड बंद ठेवा. आणि मदत करतो म्हणून तिच्याबरोबर येऊ नका.