दोन चेहऱ्यांचं नाणं

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा प्लास्टरातूनच सा. न.

पत्रास कारण माझा मोडका पाय आणि शनिवारचा लिलाव. अठराव्या शतकातल्या युरोपच्या राजे-राण्यांची सोन्याची नाणी मी जमवतो, आणि माझ्या ट्रेमधला एक खण नऊ वर्षं रिकामा आहे. पोर्तुगालची राणी आणि तिचा नवरा, दोघांचे चेहरे एकाच बाजूला. ते नाणं नेमकं तुमच्या गावात विकायला आलंय आणि मी इथे खाटेवर! तू जा. आकडा सोबतच्या चिठ्ठीत आहे, तिथपर्यंत हात खाली घेऊ नकोस. आणि नाणं कडेनं धर, बिस्किटासारखं चिमटीत नको.

भावोजींना नमस्कार. शनिवारपुरता तरी लोभ जरा जास्त असू दे.

धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

नाणं घेतलं नाही. आधी पुरतं वाच, मग आदळआपट कर. तीस वर्षं दातांच्या सोन्याच्या कॅपा घडवल्यात मी. भिंग लावलं तर राणीच्या डोक्यावर सोन्याचा रंग वेगळा! भोक पाडून बुजवलेलं. लिलाववाल्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुम्हाला नको तर घेणारे पुष्कळ आहेत. मी हात मांडीवरून हलवला नाही. एका घड्याळजीनं ते घेतलं. तुझी फसवणूक टळली म्हणून तुझे भावोजीही खूश आहेत.

पाय उंच ठेव. माया आहेच, तुझीही राहू दे.

ताई

१६ मार्च

ताई,

भोक लिलावाच्या यादीतच छापलं होतं! म्हणून तर ते माझ्या आवाक्यात होतं. अखंड नाणं मला या जन्मात परवडायचं नाही. नऊ वर्षं मी भोकवाल्याचीच वाट बघत होतो. संतापून कुबडी फेकली, आता ती आणायलाही उठता येत नाही. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस. लहानपणापासून माझी प्रत्येक वस्तू तू भिंगातूनच बघत आलीस.

राग उतरला की लोभाचं लिहीन.

धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्या,
आशीर्वाद, तुला नको असले तरी.

चार दिवस घड्याळजीच्या दुकानात खेटे घातले. जास्त देते म्हटलं, हात जोडले. त्याच्या बायकोला नाणं फार आवडलंय, तो देत नाही. चूक माझी, आणि आता निस्तरता येत नाही. स्वतःच्या हुशारीची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

पण एक तू खरं लिहिलंस. सांगितलं असतंस तर मी हसले असते, अगदी पोट धरून. आणि मग हात वर केला असता.

पत्राची वाट बघते. नुसत्या शिव्या असल्या तरी चालतील.

तुझीच ताई