रोजची नवी नात

नांदेड,
५ मे २०२५

चि. शमुवेल यास,
अक्काचा सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडणावर येतो, म्हणून पत्र लिहायला बसले. हन्नाला तू बसस्टँडवर माझ्या हाती दिलंस आणि तिथूनच लातूरची गाडी धरलीस. घर दहा मिनिटांवर होतं. मी तेव्हा काही बोलले नाही, आताही बोलत नाही.

सिंधुला सांग, लेकीची काळजी करू नको. डॉक्टरांनी पडून राहा म्हटलंय तर पडूनच राहायचं, सातवा महिना नाजूक असतो. हे नणंद म्हणून नाही, सत्तावीस वर्षं दवाखान्यात घालवलेली सिस्टर म्हणून सांगते. हन्ना सुट्टीभर माझ्याकडं आनंदात राहील. पोरगी अगदी तुझ्यावर गेली आहे. वांग्याची भाजी दिसली की तिच्या पोटात दुखतं आणि ताट उचललं की थांबतं.

बाबांचं तुला माहीत आहेच. गेल्या दोन वर्षांत त्यांना सगळ्याचा विसर पडत गेला. आता मलाही ओळखत नाहीत. बाई म्हणतात, दवाखान्यातली कुणी समजतात. हन्नाला मी आधीच सांगून ठेवलं होतं की आजोबांनी ओळख दाखवली नाही तर वाईट वाटून घेऊ नको. ती सरळ त्यांच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी हन्ना, शमुवेलची मुलगी, तुमची नात. बाबांनी चष्मा काढून पुसला. मला नात हाय का, असं दोनदा विचारलं. माझ्या बायकोचं नाव बी हन्नाच होतं म्हणाले, आणि किती दिवसांनी हसले.

अर्ध्या तासात विसरले. ती पुन्हा गेली, पुन्हा सांगितलं. काल दिवसभरात आठ वेळा झालं, आणि आठही वेळा त्यांना तेवढाच आनंद. तुझं नाव ऐकताना कपाळावर आठी आली नाही, हे तुला कळवावं म्हणून हा खटाटोप.

प्रभू तुमचं घर सांभाळो. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
सुवार्ताअक्का


लातूर,
१२ मे २०२५

ती. अक्का हिस,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र मिळालं. सिंधु ठीक आहे. तिला उठू देत नाही, स्वयंपाक मी करून राहिलो. वरणाला ती रोज नवीन नाव ठेवते.

आठी आली नाही, कारण आठवण राहिली नाही. माफ करणं आणि विसरून जाणं एकच नसतं, अक्का. नऊ वर्षांपूर्वी रजिस्टर लग्न करून आम्ही दोघं दारात उभे होतो, तेव्हा बाबा काय म्हणाले ते तुलाही ऐकू आलं होतं. चर्चमध्ये लग्न लागेपर्यंत मला बाप म्हणू नको. सिंधुच्या गळ्यातला हारही काढलेला नव्हता. तिनं तिचा देव सोडला नाही, मी तिला तो सोडायला लावला नाही, एवढाच आमचा गुन्हा. मुखेड, नायगाव, लोहा, कुठल्या गावात त्यांनी प्रचारक म्हणून सायकलवर जाऊन येशूचा तो दाखला सांगितला नसेल, की घर सोडून गेलेलं पोरगं परतताना दिसलं तर बापानं धावत जाऊन त्याला मिठी मारावी? मी पत्रं पाठवली, हन्ना झाली तेव्हा पेढे पाठवले. धावणं राहू दे, ते उंबऱ्यापर्यंतही आले नाहीत.

तेव्हापासून मी चर्चची पायरी चढलो नाही. क्लासमध्ये दोनशे पोरांना फिजिक्स शिकवतो, दिवसभर बोलून घसा बसतो, आणि घरी येताना वाटतं की आपल्याला लहानपणापासून ओळखणारं इथं एकही माणूस नाही.

बाबांना काय काय सुनवायचं हे माझं नऊ वर्षांपासून पाठ आहे. आता मी यावं असं तुझ्या मनात आहे, तर येऊन भेटू कुणाला?

हन्नाला पापा. तुझी गुडघेदुखी कशी आहे ते तू कधीच लिहीत नाहीस. तेवढं तरी कळव, आणि रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा,
शमुवेल


नांदेड,
१९ मे २०२५

चि. शमुवेल यास,
सप्रेम सलाम वि. वि.

गुडघे आहेत तिथंच आहेत.

गुरुवारी जे झालं ते तुझ्यापासून लपवणार होते, पण आता लिहिते. दुपारी बाबा झोपेतून दचकून उठले. हन्ना नेहमीसारखी नाव सांगायला गेली, तर त्यांनी तिचा हात झटकून दिला. ही कुणाची पोर, हिला बाहेर काढा, असं ओरडले. ती रडत माझ्याकडं आली. मनगट लाल झालं होतं. मी बर्फ लावला आणि तिला म्हटलं, उद्याच तुला लातूरला सोडते. मला बाबांचा एवढा राग आला होता की त्या दिवशी त्यांचा चहासुद्धा मी टेबलावर आदळला.

हन्नानं तोंड धुतलं. ओट्याशी येऊन मला म्हणाली, आत्या, आजोबांना या घरात कुणीच ओळखीचं नाही ना, मग त्यांना किती भीती वाटत असेल. आणि पुन्हा गेली. या खेपेला लांब उभी राहिली. नाव सांगितलं, आणि त्यांनी जवळ बोलावलं तेव्हाच पुढं झाली.

शमुवेल, बाबा मला ओळखत नाहीत म्हणून मी एकटी पडले, हे दुःख मी दोन वर्षं उराशी धरलंय. त्यांना भरवते, न्हाऊ घालते, आणि मनात म्हणते, एकदा तरी सुवार्ता म्हणून हाक मारा. खरं सांगायचं तर हन्नाला बघून हसले तेव्हा मला तिचा हेवाही वाटला. पण तो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत परक्यांच्या घरात बसलेला असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लेकरासारखं झाल्याशिवाय प्रभूच्या राज्यात जाता येत नाही, हे मी संडे स्कूलमध्ये किती वर्षं शिकवलं. मला वाटायचं, म्हणजे भोळं व्हायचं. भोळेपणाचं काही नाही त्यात. पोरीला मनगट दुखत असताना समोरच्याची भीती दिसली.

तिला आता जायचं नाही. सोबत तिची चिठ्ठी आहे. मी सांगून लिहवलेली नाही.

लोभाचा धागा तुझ्याकडूनही धरून ठेव.
तुझी,
सुवार्ताअक्का

प्रिय पप्पा,
मी मजेत आहे. आत्याने मला लाल मिरचीचा ठेचा खाऊ घातला. आईच्या पोटातल्या बाळाला माझा सलाम सांगा. मी आजोबांना रोज तुमचं नाव सांगते. ते विचारतात, तो कुठं राहतो. मी सांगते, लातूरला. ते विचारतात, मग तो येत का नाही. मला त्याचं उत्तर माहीत नाही. तुम्ही लिहून पाठवा म्हणजे मी त्यांना सांगेन.
तुमची हन्ना


लातूर,
२ जून २०२५

ती. अक्का हिस,
सप्रेम सलाम वि. वि.

आम्ही दोघं काल सुखरूप पोचलो. हन्ना सगळ्या वाटेत झोपली. तुझ्या शेजारणीला बाबांजवळ बसवून आम्ही निघालो, तू ड्युटीवरून येईपर्यंत गाडी सुटली होती, म्हणून काय झालं ते लिहितो.

हन्नाच्या चिठ्ठीला उत्तर लिहायला मी चार दिवस बसलो. सात वर्षांच्या पोरीला समजेल आणि मलाही लाज वाटणार नाही, असं एक वाक्य काही जुळलं नाही. सिंधुच म्हणाली, कागद खराब करून नका राहू, जाऊन या. शेजारच्या गुरम्मा मावशींना तिच्याजवळ बसवून निघालो.

बाबा खिडकीशी होते. केवढेसे झालेत, अक्का. दारात माझं सगळं पाठांतर गेलं. हन्नानं माझा हात ओढला आणि हळूच सांगितलं, पप्पा, आधी नाव सांगा, मग नातं सांगा, घाई करू नका. मी म्हटलं, मी शमुवेल, तुमचा मुलगा.

ते माझ्याकडं वळले. ओशाळले. हात जोडून म्हणाले, माफ करा, मला आठवून न्हाई राहिलं. मग खुर्चीशेजारच्या पलंगावरची पांघरूणं त्यांनी एका हातानं बाजूला सारली आणि म्हणाले, पण माझाच असशील तर जवळ बस.

मी बसलो. दोन तास बसलो. त्या वेळात त्यांनी सहादा विचारलं, मी सहादा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी मला जागा करून दिली. कुठं लग्न झालं, कुणाशी झालं, त्यांनी विचारलं नाही. माझा राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. तो आहे, पण ज्या माणसावर होता तो मला तिथं सापडला नाही. बसमध्ये त्यासाठी रडलो. हन्ना झोपलेली होती, ते बरं झालं.

यापुढं दर दुसऱ्या रविवारी येईन. तू चर्चला जा, मी त्यांच्याजवळ बसेन. माझं चर्चचं काय ते पुढं बघू.

सिंधुचा नमस्कार. तुझ्या आशीर्वादातून आम्हाला वगळू नकोस.
तुझा,
शमुवेल


नांदेड,
११ जून २०२५

चि. शमुवेल यास,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. सिंधुचे दिवस भरत आले की मी रजा टाकून येते. बाबांना सोबतच आणू. गाडीत त्रास देतील, पण आणू.

हन्ना गेल्यापासून घर फार मोठं वाटून राहिलं. बाबा दाराकडं बघतात. कुणाची वाट बघतो आहोत हे त्यांना सांगता येत नाही, आणि मला माहीत असून उपयोग नाही.

काल पेज भरवताना माझ्या ध्यानात आलं की या दोन वर्षांत मी त्यांना माझं नाव एकदाही सांगितलेलं नाही. ज्याची त्यालाच ओळख पटली पाहिजे, या हट्टात मी होते. चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, मी सुवार्ता, तुमची मुलगी.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. नाव चांगलं हाय म्हणाले, आणि विचारलं, कुणी ठेवलं.

मी म्हटलं, तुम्हीच.

तेव्हा त्यांनी वाटीतली पेज माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, तू बी खा, कवाची बसलीस.

सर्वांना प्रभूची शांती. येत राहा.
तुझी,
सुवार्ताअक्का