इथलं इथेच थुंकायचं

४ मे

पोचले बाई एकदाची. म्झुझूहून येताना मिनीबसमध्ये शेजारणीची कोंबडी माझ्या मांडीवर आणि पोटात माझं स्वतःचं सहा महिन्यांचं, दोघांनी मिळून वाटभर लाथा मारल्या. पण घर पाहिलं आणि सगळा शीण गेला. लाल पत्रा, पुढे आंबा, आंब्यापलीकडे तळं. म्झेंगा मिशन रुग्णालयाची प्रसूतिशाळा इथून हाकेच्या अंतरावर. खुम्बो, माझा नवरा, म्झुझूला ट्रक चालवतो. त्याला फोनवर सांगितलं, आता तूच इकडे काम शोध, मी काही इथून हलत नाही.

संध्याकाळी मेट्रन न्यागोंडवे स्वतः जेवण घेऊन आल्या. कसाव्याचं गरम कोंडोवोले आणि उसिपा. एरवी त्या वाळक्या मासळीवर मी जीव टाकते, पण पोटुशी झाल्यापासून कुठलाही वास थेट घशात जाऊन बसतो. पळत बाहेर गेले. माझी पाठ चोळत त्या म्हणाल्या, "छान. नवी सिस्टर आली आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्या स्वयंपाकावर ओकली." मला त्या एकदम आवडल्या.

१३ मे

काम भरपूर, माणसं चांगली. डॉक्टर मसिस्का टाके घालताना चर्चमधली गाणी म्हणतात, खर्जात. बायका सांगतात, गाणं ऐकताना सुई कळतच नाही. कात्री फेकून मारणारे डॉक्टर मी पाहिलेत. हा माणूस हात लावायच्या आधी बाईची परवानगी मागतो. माझं बाळंतपण यांच्याच हातून करायचं, हे मी ठरवून टाकलं.

एकच गोष्ट नकोशी. वारेचा खड्डा. तो प्रत्येक प्रसूतिशाळेमागे असतो, बाळामागून पडणारी वार कुठेतरी टाकायला हवीच. पण इथला चादरी वाळवायच्या दोरीला अगदी खेटून आहे, आणि त्याचं लोखंडी झाकण नीट बसत नाही. तिथून जाताना मी श्वास रोखते.

२९ मे

आज पहिली बैठक. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दार लावून सगळे बसतात आणि आपल्या हातून काय चुकलं ते सांगतात. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, कुणावर बोट रोखायचं नाही, शिक्षा नाही. इथे बोललेलं कोर्टात नेता येत नाही आणि घरच्यांच्या कानावर घालता येत नाही. हेतू एवढाच, की तीच चूक पुन्हा होऊ नये. माझ्या जुन्या नोकरीत काही चुकलं की ते कुणाच्या गळ्यात मारायचं हे आधी ठरायचं.

डॉक्टर मसिस्का उठले. टाके घालताना रक्त टिपायला आत ठेवलेली गॉजची घडी काढायची राहून गेली. बाई नवव्या दिवशी ताप घेऊन परत आली आणि दगावली. सांगताना त्यांनी बाहीने डोळे पुसले. कुणी एका शब्दाने टाकून बोललं नाही. ठरलं, की यापुढे घड्या दोघांनी मिळून मोठ्याने मोजायच्या, आधी आणि नंतर. माझेही डोळे भरून आले. एवढा खरेपणा मी कुठल्याच दवाखान्यात पाहिला नव्हता.

मग न्यागोंडवेंनी पाला उकळलेलं पाणी वाटलं. प्रत्येकाने चूळ भरायची आणि निळ्या काठाच्या एकाच तसराळ्यात थुंकायची. पूर्वी कुणीतरी इथली गोष्ट बाजारात बोललं आणि एका सिस्टरच्या घरावर दगड पडले, तेव्हापासूनची ही रीत. "इथलं इथेच थुंकायचं," त्या म्हणाल्या. "जिभेवर घेऊन बाहेर जायचं नाही."

माझी पाळी येईतो तसराळं अर्धं भरलं होतं. तपकिरी फेस, त्यात लाळेच्या तारा, कुणाच्या तरी दातातलं मक्याचं साल. मला उमासे आले. पोटुशी म्हणून त्या दिवसापुरती चूळ माफ झाली, पण तसराळं रिकामं करणं नव्या माणसाकडे, आणि तेही वारेच्या खड्ड्यात. ओतलं तर ते पाण्यासारखं पडलं नाही. एक गोळा होऊन घसरलं आणि काठावर चिकट शेपूट ठेवून गेलं. अंगठ्याला लागलं. साबण लावून लावून कातडी सोलवटली.

२ जून

घड्या मोजायला भिंतीवर फळा लावू का, असं डॉक्टरांना विचारलं. कसल्या घड्या, म्हणाले. मला वाटलं, गुपित पाळतायत, आणि मीच ओशाळले. पण मग आज एकानेही का मोजलं नाही?

२६ जून

दुसरी बैठक. डॉक्टर उठले. गॉजची घडी राहिली. बाई दुसरी, गाव दुसरं, मरण तेच. शब्द तेच, बाहीने डोळे पुसणं तेच. आणि सगळे असे हळहळले, की असलं काही त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मग ठरलं, की दोघांनी मिळून मोठ्याने मोजायचं.

मी म्हटलं, हे तर मागच्या महिन्यात ठरलं होतं. काय ठरलं होतं, सगळ्यांनी सभ्यपणे विचारलं. ते ढोंग नव्हतं. ढोंग मला कळतं.

पाण्याचा पेला मी ओठांना नुसता लावला आणि कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडावर ओतून टाकला. बाहेर आल्यावर न्यागोंडवेंना गाठलं. त्यांनी काही लपवलं नाही. "मलाही आठवत नाही, पोरी. म्हणून तर अठरा वर्षं इथे उभी आहे. सगळं आठवत राहिलं तर उद्या सुई कोण धरेल? माझ्याकडे दुसरी माणसं आहेत का?"

म्हणजे ही माणसं चूक थुंकतात, आणि तिच्यावरचा उपायही तिच्याबरोबर थुंकून मोकळी होतात. वरचे साहेब कौतुक करतात, की म्झेंगाइतकं मोकळेपणाने कुठे कुणी बोलत नाही. का नाही बोलणार? मला त्या सगळ्यांची किळस आली. त्यांच्या स्वच्छ तोंडांची, त्यांच्या शांत झोपेची. तसराळं पुन्हा मलाच उचलावं लागलं. आज त्याच्यावर साय धरली होती, आणि सायीखाली काहीतरी कुशीवर वळलं.

५ जुलै

घड्या मी एकटीच मोजते. डॉक्टर हसतात, पण अडवत नाहीत. बाळंतपणाला म्झुझूला जाणार, पिशवी भरून ठेवली आहे. खुम्बोने कारण विचारलं तर सांगितलं नाही. सांगायची बंदी आहे ना. मीही त्यांच्यातलीच झाले म्हणायची.

११ जुलै

एस्नात नावाची पहिलटकरीण. मुलगा झाला. टाके बरेच पडले. तिची आई न्यामोयो पडद्याबाहेर बसून होती. मला सकाळपासून ओकाऱ्या. डॉक्टरांनी गाणं थांबवून विचारलं, तुझ्या घड्या आल्या का सगळ्या? मी हो म्हटलं. मोजल्या होत्या का मी? मोजल्या असतील.

२० जुलै

एस्नातला परत आणलं. तापाने फणफणलेली. पडद्यामागे मीच हात घातला, मीच काढली ती घडी. हिरवी-काळी, फुगून मऊ झालेली, ओढावी तेवढी येतच राहिली. आणि वास. गोडसर, कुजका, जिभेवर बसणारा. मी तिथेच बादलीत ओकले.

न्यामोयोलाही तो वास आला. काय काढलंस, तिने बाहेरून विचारलं. मी ट्रेवर फडकं टाकलं आणि म्हटलं, काही नाही, घाण.

२२ जुलै

एस्नात गेली.

न्यामोयो माझ्यासमोर येऊन बसली, कुशीत नातू. ती कशाने गेली, एवढंच विचारलं तिने. तापाने, मी म्हटलं. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, जप स्वतःला. मला माझीच शिसारी आली.

२७ जुलै

भरदुपारी चादरी काढायला गेले. खड्ड्याचं झाकण वर उचललेलं. आतून चूळ खुळखुळल्याचा आवाज. मग डॉक्टरांचा खर्ज — घडी राहिली, घडी राहिली — पण डॉक्टर वॉर्डात होते, मला खिडकीतून दिसत होते — मग कितीतरी तोंडं एकावर एक — आणि सगळ्यांत वर माझा आवाज. मोजल्या नाहीत, मोजल्या नाहीत. मी तर अजून कुणाला बोललेही नाही —

३० जुलै

झोप नाही. बोटांचा वास जात नाही. जेवण तोंडाशी नेलं की तोच.

न्यामोयो नातवासाठी दूध न्यायला येते. उद्या तिला सांगणार. शिक्षा झाली तर होऊ दे. बैठकीतून चूळ न भरता निघायचं आणि थेट तिच्याकडे. सांगणार —

३१ जुलै, सकाळ

आता बैठक. पेला आला की हात मागे. हात मागे. ती बाहेर बाकावर बसलीय — मला तिच्याकडे बघवत नाही — एस्नातचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही — एकदा झोप लागली असती तर — नाही. हात मागे —

३१ जुलै, संध्याकाळ

बैठक छान झाली. सगळ्यांनी मला किती सांभाळून घेतलं. पाणी कडू होतं, पण तोंड कसं लख्ख झालं. दुपारभर गाढ झोपले. उसिपा दोनदा वाढून घेतली.

३ ऑगस्ट

बाकावर एक बाई असते, कुशीत तान्हं. तिची मुलगी म्हणे इथे गेली, आणि ती कशाने गेली ते मला विचारते. मला माहीत नाही, मी खरं तेच सांगितलं. ती माझा हात धरून पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

कोपऱ्यात एक भरलेली पिशवी सापडली. म्झुझूला जायचं माझ्या डोक्यात कशाला आलं असेल? इथे डॉक्टर मसिस्का असताना? रिकामी केली. या वहीची मागची पानं चाळायला घेतली, पण पहिल्याच ओळीला मिटून टाकली. राहू दे.

१४ ऑगस्ट

मुलगी झाली. काळीभोर, भरपूर जावळ. टाके बरेच पडले, पण डॉक्टर गात होते, सुई कळलीच नाही. नाव तावोंगा.

२० ऑगस्ट

थोडा ताप. दूध दाटलं असेल. खुम्बो येऊन गेला. घरात कुठेतरी उंदीर मेलाय म्हणाला. आम्ही पलंग ओढून पाहिला.

२२ ऑगस्ट

उंदीर नाही. मला वॉर्डात आणलं, वास बरोबर आला. गोडसर. डॉक्टर नाक धरून म्हणाले, असला वास आयुष्यात घेतला नाही. न्यागोंडवेंनी खिडक्या उघडल्या. सगळे विचार करतायत, किती चांगली माणसं — मला ठाऊक आहे हा वास — अगदी जिभेवर आहे —

२३ ऑगस्ट

थंडी. बाकावरची बाई दारात आली, श्वास घेतला आणि मटकन खालीच बसली. हाच, म्हणाली, माझ्या एस्नातचा हाच वास. घरचं माणूस नाही म्हणून न्यागोंडवे तिला बाहेर काढतायत. ती चौकट सोडत नाही —

"पोरी, त्या दिवशी पडद्यामागे तू तिच्यातून काहीतरी काढलंस. काय होतं ते? एवढं सांग, मी माझ्या हाताने काढते."

कोण एस्नात — डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी सांगेन म्हणून — मी काढलं? कुठून — तावोंगा रडतेय, कुणी तिला घेत का नाही — आठव — फडकं टाकलं होतं कशावर तरी — फडक्याखाली — आठव ना — फडक्याखाली काय —