तळ्याचा हौद होऊ नये म्हणून

६ जानेवारी
आजपासून रोज लिहायचे. हिला जाऊन तीन महिने होत आले. मी ठीक आहे.

मुलगी आली होती. हिच्या कपाटाचा खालचा कप्पा तिने आवरला. (मी आवरणारच होतो.) त्यात भिंतीवर टांगायची एक गोधडी निघाली. निळ्या तुकड्यांचे तळे, डाव्या अंगाला बगळा. तिन्ही थर एकत्र शिवून झालेले. फक्त चारी काठ उघडे आणि मधला कापूस बाहेर डोकावतो. मुलगी म्हणाली, आईचं शेवटचं काम आहे बाबा, नव्या घरात मी लावीन, टेलरकडून कडेनं पट्टी मारून घेऊ का?

स्पष्ट नाही म्हटले. पट्टी दिसली की तळ्याचा हौद होतो, असे ही म्हणाली होती. हे तिने फक्त मला सांगितले होते. बोलत होती फोनवर, पण खोलीत मीच होतो.

काठ मी पुरे करणार. मुलगी म्हणाली, बघा जमतंय का. सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून काढली. काठ म्हणजे शेवटी एक रेघ.

मुदत: रविवार.

७ जानेवारी
फोनवर व्हिडिओ पाहिला. पद्धत सोपी आहे. पट्टी गोधडीच्या पुढच्या बाजूला काठाशी शिवायची, मग सगळीच्या सगळी पाठीमागे वळवायची आणि अस्तराला तुरपाई करायची. पुढून काही दिसत नाही. व्हिडिओ पंधरा मिनिटांचा, पण त्यातला निम्मा वेळ ती बाई आपल्या मांजराबद्दल बोलते. म्हणजे काम सात-आठ मिनिटांचे.

ड्रॉइंग काढले. प्लॅन, एलेव्हेशन, कोपऱ्याचा सेक्शन. सुबक झाले. दिवस चांगला गेला. गोधडीला हात लावला नाही.

१२ जानेवारी, रविवार
मुदत पुढे ढकलली. कारण तांत्रिक. गुण्या लावून पाहिला, एकही कोपरा काटकोनात नाही. ही सगळे अंदाजाने कापायची. मी वेळोवेळी सांगितले होते.

१३ जानेवारी
छाटणी. उजवीकडून घेतले तर वरची बाजू तिरकी दिसू लागली. वरून घेतले. मग डावीकडून. मग पुन्हा उजवीकडून. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाला लोक उगाच नावे ठेवतात. त्याचा हेतू चांगला असणार.

कोन आता अचूक. गोधडी आधी सोफ्याच्या पाठीएवढी होती, आता उघडलेल्या वर्तमानपत्राएवढी आहे. आटोपशीर. बगळ्याची चोच गेली. लांबून तो पाठमोरा वाटतो.

१८ जानेवारी
हिच्या मशीनने दगा दिला. तिच्या पायाखाली मुकाट चालायचे. माझ्या पायाखाली उलटे फिरते, दोरा तोडते. दोन सुया मोडल्या. इतकी वर्षे त्याला तेल मीच आणून देत होतो.

२० जानेवारी
कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेलो. काठाशी फक्त चार पट्ट्या शिवून मागितल्या. तो म्हणाला, साहेब, पायपिनच मारतो की, काठ उठून दिसेल. म्हटले, उठून दिसायलाच नको आहे. तो म्हणाला, मग शिवायचं कशाला?

अशा माणसाशी काय बोलणार. पट्ट्या मात्र नीट शिवल्या. म्हटले, आता वळवून तुरपाईही करून टाक. तर मान हलवली. ती तुम्हीच करायची, सांगून ठेवलंय. कोणी, असे विचारले तर त्याला एकदम दुसरे गिऱ्हाईक आठवले. दुकानात कोणी नव्हते.

१ फेब्रुवारी
खिडकीशी बसून, गोधडी मांडीवर घेऊन तुरपाई. हात बसला. एक अख्खी बाजू सलग झाली. तेवढ्यात बेल वाजली. मी उठलो तर गोधडीही उठली. पायजम्याला शिवली गेली होती.

दारात मेहुणी. गोधडी पोटाशी धरूनच दार उघडले, दुसरा मार्ग नव्हता. तिने खालपासून वरपर्यंत पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, भावोजी, असं कवटाळून बसू नका हो. गोधडी सोडेना म्हणून चहा तिनेच केला.

जाताना म्हणाली, काठाचं सिस्टरना विचारा ना. सिस्टर म्हणजे हिची मैत्रीण, समोरच्या इमारतीतली, नर्स होती. दोघी दुपारी तिच्याकडे शिवत बसायच्या. विचारणार नाही. तिला वाटते, हिला तीच जास्त ओळखायची. दुपारची ओळख वेगळी आणि संसार वेगळा.

पायजम्याचा तुकडा कापावा लागला. तो पाठीमागे राहील. पुढून दिसत नाही.

२२ फेब्रुवारी
तीन बाजू झाल्या. काही टाके पुढे उमटले आहेत. बारीक मासे वाटतात. तळ्यात मासे असतातच.

२६ फेब्रुवारी
कोपरे. चारही कोपरे उशीसारखे फुगले आहेत. सेक्शनमध्ये असे नव्हते. हातोडीने ठोकले. खालचे बिऱ्हाड वर आले, भिंत पाडताय का म्हणून. म्हटले, शिवतोय. ते हातोडीकडे बघत परत गेले.

४ मार्च
कोपरे. मुलीचा फोन. कसं चाललंय? म्हटले, शेवटचा हात फिरवतोय.

११ मार्च
आज सिस्टरकडे गेलो. विचारायला नाही, फक्त कोपरा कुठे अडतो ते दाखवायला.

दार उघडले आणि समोरच्या भिंतीवर तीच गोधडी. तेच तळे. माझ्या हातातल्याच्या चौपट. बगळ्याला चोच. पाणी काठापर्यंत जाते आणि पट्टी कुठेच नाही, जणू भिंतीतूनही पुढे जाते. कोपरे सुरीने कापल्यासारखे.

मला वाटते मी बराच वेळ उभा होतो. सिस्टर म्हणाली, बसा आधी. मग म्हणाली, तुमच्या हातातली सरावाची. भिंतीवरची खरी. नक्की कधी केली ते तिला आठवेना, आजारपण कळल्यानंतर घाईने केली एवढे खरे. मी म्हटले, मग माझ्या घरी का नाही? सिस्टर म्हणाली, मी पण विचारलं. तर म्हणाली, घरी लावली तर हे गुण्या घेऊन येतील.

घरातल्या कुठल्याही वस्तूला मी कधी गुण्या लावलेला नाही. ही गोधडी सोडून. आणि दोन फोटो.

म्हटले, निदान तळ्याचा हौद होतो हे वाक्य तरी तिने मला सांगितले होते. सिस्टर म्हणाली, ते माझं वाक्य. मीच तिला सांगितलेलं.

मग तिने उरलेलेही सांगून टाकले. सरावाच्या गोधडीचे काठ हिने मुद्दाम उघडे ठेवले. म्हणाली होती, ह्यांना अर्धवट काही बघवत नाही. मी गेले की कपाटं उपसत बसतील आणि हाताला लागेल ते फेकून देतील. त्यापेक्षा हे द्या त्यांना. आठवडाभर तरी पुरेल.

निघताना सिस्टरने माझ्या गोधडीचा कोपरा उलटा केला. आतला जास्तीचा कापूस कापा, मग वळेल. पायजम्याचा तुकडा तिने एकदा चाचपून पाहिला.

भिंतीवरची डावीकडे किंचित खाली आहे, हे मी तिला सांगितले.

१२ मार्च
मुलीला फोन केला. तुला माहीत होते? आधी म्हणाली, काय? मग म्हणाली, आईनं शपथ घातली होती बाबा. टेलरला तिनेच सांगून ठेवले. मावशीलाही ठाऊक. म्हटले, म्हणजे त्या दिवशीचे मेहुणीच्या डोळ्यांतले पाणी खोटे? म्हणाली, नाही हो, ते खरं. पायजमा दिसत होता मावशीला. ती खाली जिन्यात बसून आधी हसली, आणि मग जास्तच रडली.

सगळ्यांनी मिळून केसाने गळा कापला. परके एक वेळ समजू शकतो, पण हिने? आणि हिशेबही चुकीचा. आठवडाभर पुरेल म्हणे. मला दोन महिने लागले. म्हणजे इतक्या वर्षांत तिने मला ओळखलेच नाही.

१३ मार्च
ठराव: कोणाशी बोलायचे नाही. उद्या सकाळी गोधडी कचऱ्याच्या गाडीत.

१४ मार्च
गाडी लवकर येऊन गेली. मी जिन्यातच होतो.

१७ मार्च
कोपऱ्यातला कापूस आतून कापला. वळला. मी स्वतःही शोधून काढलेच असते. रागात तुरपाई चांगली होते. चौथी बाजू झाली, कोपरे झाले. पुढून पट्टी दिसत नाही. पाणी बाहेर जाते.

पुरे झाले.

१८ मार्च
काही विशेष नाही.

१९ मार्च
काही नाही. दुपारी झोपून पाहिले.

२० मार्च
मुलीचा फोन. रविवारी घ्यायला येते म्हणाली. जेवलात का, हेही विचारले. हो म्हटले.

२१ मार्च
सकाळी चांगल्या उजेडात गोधडी नीट तपासली. टाके एकसारखे नाहीत. असे काम हातातून जाऊ देणे बरोबर नव्हे. मुलीला कळवले, रविवारी येऊ नकोस, अजून वेळ लागेल. ती बरं म्हणाली. किती, ते विचारले नाही.

चारही काठ उसवले. बाराच्या आत सगळे मोकळे. मला वाटले होते, उसवणे तरी आठवडाभर पुरेल.