हाजींचं जहाज

अण्णा, तुमच्या त्या दर्यावर्द्याबद्दल लिहायला बसले आहे. आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचलेला तो पोर्तुगीज. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं वाटायला निमित्त झालं ते त्याचं. मी हल्ली कोन गावाच्या पुढे एका गोदामात काम करते. ग्राहकांनी परत पाठवलेला माल तपासायचा. कव्हर फाटलेली पुस्तकं रद्दीत जातात. गेल्या महिन्यात त्यांत एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी निघाली, मुखपृष्ठावर शिडाचं जहाज. मी चाळत उभी राहिले तसा सुपरवायझर म्हणाला, ले जाओ मॅडम, वैसे भी कटनेवाली है. मग जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता नऊ दिवसांत वाचून काढली.

हा दर्यावर्दी मला शाळेआधी आपल्या स्वयंपाकघरात भेटला होता. आई कणीक मळायला घेते आहे, तुम्ही तिच्यापुढची परात ओढून घेता आणि कोरड्या पिठात बोटानं आफ्रिका काढता. दालचिनीचा तुकडा म्हणजे त्याचं जहाज. तो तुकडा तुम्ही कडेकडेनं सरकवत नेता, टोकाशी आल्यावर थांबवता आणि मला विचारता, इथून पुढे काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, तू असतीस तर गेली असतीस का. मी हो म्हणते. आई म्हणते, आता पोळ्या कधी करू मी. तुम्ही स्वतः कधी होडीतसुद्धा बसला नव्हता, उलटी होईल म्हणून. पण त्या माणसाबद्दल बोलताना तुमचा आवाज बदलायचा. आठवीत वक्तृत्व स्पर्धेसाठी मला भाषण लिहून दिलंत, तेही त्याच्यावरच.

कादंबरीत तो आहे, पण दुसऱ्या सफरीतला. हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज तो भर समुद्रात अडवतो, माल काढून घेतो आणि आत माणसं असताना ते पेटवून देतो. गोष्ट सांगते त्या जहाजावरची एक सुईण. बायका कठड्याशी येऊन अंगावरचे दागिने दाखवतात, पोरं उचलून धरतात, की निदान यांना तरी घ्या. तो आपल्या जहाजावरून बघत राहतो. शेवटी लेखकानं टीप दिली आहे की सुईण कल्पनेतली आहे, जहाज मात्र खरं. पोर्तुगिजांनीच ते लिहून ठेवलं आहे. मी टीप दोनदा वाचली, डब्याचं झाकण लावलं, हात धुतले आणि पुन्हा कामाला लागले. रडू आलं नाही. राग आला असता तरी बरं वाटलं असतं, तोही आला नाही.

खरं तर ही गोष्ट मला नवी नव्हती. माझ्या बाकावर बसायची ती निजामपुऱ्यातली मुलगी तुम्हाला आठवते का? घरचे लूम होते त्यांचे, त्याआधीच्या पिढ्या कोकणातल्या बंदरांत गलबतांवर. तुम्ही आमच्या वर्गावर त्या दर्यावर्द्याचाच धडा शिकवत होता. ती उभी राहून म्हणाली, सर, त्यानं हाजींचं जहाज जाळलं होतं, माझी दादी सांगते. वर्ग हसला. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही सहसा चिडायचाच नाहीत. ऐकीव गोष्टींना इतिहास म्हणत नाहीत, एवढंच म्हणालात. तरी ती बसेना. हिच्यासमोरच सांगितलं दादीनं, विचारा हिला, म्हणाली. मग तुम्ही माझ्याकडे वळलात.

"खरं का गं? ऐकलंस तू?"

"नाही, सर."

शाळेत मी तुम्हाला सरच म्हणायची. तुम्ही तिला सांगितलंत, मैत्रिणीला खोटी साक्ष द्यायला ओढू नये, माफी माग. तिनं खाली बघत मागितली. माझीच नव्हे, सगळ्या वर्गाची. अण्णा, मी ऐकलं होतं. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या घरी दादी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, आम्ही दोघी समोर बसलो होतो, आणि तिनं पोरं उचलून धरणाऱ्या बायकांसकट सगळं सांगितलं होतं. पण शनिवारी माझी स्पर्धा होती आणि भाषण शब्द न् शब्द पाठ झालं होतं. मला पहिलं बक्षीस मिळालं. तुम्ही खूश होऊन मला रंगीत नकाशांचं मोठं पुस्तक आणून दिलंत. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही, उर्दू शाळेत गेली असं कळलं.

गेल्या रविवारी कादंबरी घेऊन मी तिच्याकडे गेले. घर तेच आहे. खालचे लूम विकले, तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचे खोके रचलेले असतात. तिनं मला लगेच ओळखलं. गुडघ्यांनी बेजार आहे, तरी स्वतः उठून चहा केला. मी पुस्तक तिच्या हातात दिलं, आत काय आहे ते सांगितलं आणि म्हणाले, "तू खरं बोलत होतीस. आमच्या अण्णांचं चुकलं."

तिनं दोन पानं उलटली, पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. माझ्या कपात साखर घालत होती.

"सरांचं काय चुकलं?" ती म्हणाली. "त्यांनी तर तुला विचारलं होतं."

आवाजात काही नव्हतं. टोमणाही नव्हता. मी चहाचा घोट घेतला आणि चहा छान झालाय म्हणाले. आलं जरा जास्त पडलंय, ती म्हणाली. नंतर आम्ही तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो, तिच्या सुनेच्या नोकरीबद्दल बोललो. निघताना तिनं परत ये म्हटलं, तेही मनापासून म्हटलं असावं. धामणकर नाक्यापर्यंत मी चालत आले. रस्ता खोदून ठेवलाय, रिक्षा मिळत नव्हती.

त्या माणसाचं धाडस खोटं नव्हतं, हे मला अजूनही मान्य आहे. पिठातली ती आफ्रिका पुसून टाकावी असंही वाटत नाही. तुम्ही मात्र शेवटपर्यंत असंच समजत राहिलात की तुमच्या वर्गात एक मुलगी खोटं बोलली आणि ती दुसरी होती. हे तुम्हाला सांगायचं होतं, सांगितलं. तुम्ही काही विचारणार नाही, म्हणून सोपं गेलं. तिचं घर इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि पत्र मी तुम्हाला लिहिते आहे.